ताई, आठवीचं पुस्तक पाठवून दे

परवा ताईला फोन केला आणि म्हटलं, भाच्याचं आठवीचं गणिताचं पुस्तक माळ्यावर असेल तर शोधून पाठव. नववीचंही असेल तर उत्तमच. ती म्हणाली, "अगं, तो आता अकरावीला जाणार. आठवीचं कशाला?" फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहिते. तिच्यासाठी, आणि ज्यांच्या घरी दहावी होऊन सायन्सला निघालेलं पोर आहे त्या सगळ्यांसाठी.

भाचा मे महिन्यापासून माझ्याकडे कोल्हापुरात आहे. गडहिंग्लजकडच्या गावात, मराठी माध्यमात शिकला. दहावीला गणितात चांगले गुण आहेत. येताना पिशवीत वरच्या वर्गातल्या कुणाचंतरी अकरावीचं गणिताचं पुस्तक घेऊन आला, दुसरा भाग. त्यात शेवटचे चार धडे फंक्शन, लिमिट, कंटिन्युइटी आणि डिफरन्सिएशन असे आहेत. कुणीतरी त्याला सांगितलं होतं की हे फार अवघड असतं, सुट्टीतच सुरू कर. पहिल्याच संध्याकाळी मी कामावरून येऊन चहा ठेवत होते, तर हा पुस्तक उघडून ओट्यापाशी हजर. "मावशी, मला डेरिव्हेटिव्ह शिकव." (म्हणजे मराठीत विकलन: एक राशी बदलली की दुसरी किती वेगानं बदलते ते काढणं.)

मी शिरोली एमआयडीसीत एका मशीन शॉपच्या स्टँडर्ड रूममध्ये काम करते. डिप्लोमा केला, तेव्हापासून मोजमापाच्याच कामात आहे. घरी पाठकोरे कागद भरपूर असतात, रद्द झालेले इन्स्पेक्शन रिपोर्ट. त्यातला एक घेतला आणि डेरिव्हेटिव्हचा शब्दही न काढता त्याला विचारलं: एफ(क्ष) म्हणजे क्ष² + ३क्ष, तर एफ(क्ष + ह) किती? (पुस्तकात अक्षरं इंग्रजी असतात, मी इथे क्ष आणि ह लिहिते.)

त्यानं क्षणात लिहिलं: क्ष² + ३क्ष + ह.

मी काही बोलले नाही. खाली बरोबर विस्तार लिहून दिला आणि त्यातून मूळ एफ(क्ष) वजा करायला लावलं. उरलं २क्षह + ह² + ३ह. आता याला ह ने भाग म्हटलं. त्यानं पहिल्या पदातला ह खोडला, खालचा ह खोडला आणि उत्तर लिहिलं: २क्ष + ह² + ३ह.

दोन चुका. दोन्हींत कॅल्क्युलस नाही. पहिली कंसाची, दुसरी छेदाची. उद्या लिमिट शिकवताना मास्तर फळ्यावर भराभर पुढे जातील, याचं उत्तर चुकेल, आणि हा घरी येऊन म्हणेल, मला डेरिव्हेटिव्ह जमत नाही.

मी हेच म्हणत होते. एक अख्खं वर्ष.

मी पॉलिटेक्निकला गेले ती गावातनं, मराठी शाळेतनं. पहिल्या वर्षी गणितात केटी लागली. वर्गात एकदा धीर करून विचारलं की ही पायरी कशी आली, तर सरांनी फळ्याकडे बघतच सांगितलं, "हे तुम्हाला आठवीत शिकवलंय." आणि फळा पुसला. तो प्रश्न मी नंतर कधी विचारला नाही. विकलन म्हणजे आपल्या डोक्याबाहेरचं काहीतरी आहे असं धरून बसले. मग हॉस्टेलमधल्या एका सीनियर ताईनं माझी वही मागितली. तिनं एकही गणित सोडवून दाखवलं नाही. फक्त लाल पेनानं प्रत्येक गणितात जिथं पहिली चूक झाली तिथं गोल केला आणि वही परत दिली. अकरा गणितं होती. दोन गोल विकलनाच्या नियमावर होते. बाकीचे नऊ कंस, चिन्हं, अपूर्णांक आणि घातांक यांवर. त्या नऊ गोलांकडे मी रात्रभर बघत होते. मला वाटायचं अख्खं घर पडलंय, आणि इथं तर चार कौलं सरकलेली होती. केटी पुढच्या परीक्षेत सुटली.

त्यामुळे भाच्याला मी आधी हेच सांगितलं: आपण नवं काही शिकायचं नाही. तुझा हात जिथं अडतो ती जागा शोधायची आणि तेवढीच पक्की करायची. अख्खं पुस्तक पुन्हा पहिल्यापासून वाचायला गेलास तर जे येतं तेच वाचत बसशील, कारण ते वाचायला बरं वाटतं.

कंसाची गोष्ट एका चौकोनानं सुटली. एफ(क्ष) = क्ष² + ३क्ष हे वाक्य मी क्ष पुसून, त्याजागी रिकामा चौकोन काढून लिहिलं: चौकोनाचा वर्ग अधिक तीन चौकोन. आता एफच्या कंसात जे येईल ते प्रत्येक चौकोनात भर. पाच आलं तर पाच, क्ष + ह आलं तर अख्खं क्ष + ह, कंसासकट. त्यानं दोन-तीनदा भरलं आणि म्हणाला, "म्हणजे ह शेवटी जोडायचा नाही, आत घालायचा." हे त्याचं वाक्य मी कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवलंय. माझ्या चौकोनापेक्षा ते चांगलं आहे.

छेदाच्या चुकीला मी नियम सांगितला नाही, आकडे दिले. (१० + १५) भागिले ५. तुझ्या पद्धतीनं कर. त्यानं दहातले पाच खोडले, २ + १५, सतरा. आता आधी बेरीज करून भाग. पंचवीस भागिले पाच, पाच. तो गप्प झाला. मग आणखी एक: (५ + २) भागिले (५ + ३), वरचे-खालचे पाच खोडले तर दोन तृतीयांश, खरं उत्तर सात अष्टमांश. आणि ९ + १६ चं वर्गमूळ ५ येतं, ३ + ४ म्हणजे ७ नाही. अक्षरांमध्ये शंका आली की अक्षर काढून साधा आकडा ठेवून बघायचं, ही सवय लागली तर अर्ध्या चुका जागच्या जागी सापडतात. आमच्याकडे जॉब चालू करण्याआधी पहिला नग मोजून बघतात, तसंच.

दुसऱ्या आठवड्यात मी त्याच्यापुढे चार उदाहरणं ठेवली, आणि तो मला या सगळ्यातला सगळ्यात कामाचा भाग वाटतो. डेरिव्हेटिव्ह व्याख्येवरून काढायचं म्हटलं की पुस्तकात पहिली उदाहरणं ठरलेली असतात: क्ष², एक छेद क्ष, वर्गमूळ क्ष, साइन क्ष. चारही ठिकाणी शेवटची ओळ सारखीच असते, ह शून्याकडे जातो. त्याच्या आधीच्या ओळी मात्र प्रत्येकाच्या वेगळ्या आहेत, आणि प्रत्येकीत खालच्या इयत्तेतलं एकच हत्यार लागतं.

क्ष² ला लागतं विस्तारसूत्र. सातवी-आठवी.

एक छेद क्ष ला लागतो समान छेद. १ छेद (क्ष + ह) मधून १ छेद क्ष वजा करायचं तर छेद क्ष(क्ष + ह) होतो आणि वर उरतं क्ष − (क्ष + ह), म्हणजे −ह. इथे कंसाबाहेरचं वजाचं चिन्ह आतल्या दोन्ही पदांना लावलं नाही की संपलं. भाच्यानं पहिल्यांदा वर +ह आणलं. उत्तर −१ छेद क्ष² यायला हवं, ते धन आलं. त्याला म्हटलं, क्ष वाढला तर एक छेद क्ष वाढतो की कमी होतो? क्ष दोन असेल तर एक द्वितीयांश, तीन असेल तर एक तृतीयांश. "कमी होतो." मग धन कसं येईल? त्यानं स्वतःच वर जाऊन चिन्ह शोधलं.

वर्गमूळ क्षला लागते अनुबद्ध जोडी, म्हणजे तीच दोन पदं, फक्त मधलं चिन्ह उलटं. नववीत करणी, म्हणजे √ असलेल्या संख्या, शिकवताना ती येते. इथे एक गंमत आहे आणि चांगली चांगली मुलं इथे अडतात. शाळेत "छेदाचे परिमेयीकरण" (छेदातली करणी घालवणं) हे शब्द इतके घोटलेले असतात की हात आपोआप खाली जातो. इथे खाली नुसता ह आहे आणि करण्या वर आहेत. वर √(क्ष + ह) − √क्ष आहे, म्हणून √(क्ष + ह) + √क्ष नं वर आणि खाली गुणायचं. वर (क्ष + ह) − क्ष, म्हणजे ह उरतो, तो खालच्या ह शी जातो. राहिलं १ छेद [√(क्ष + ह) + √क्ष]. आता ह ला शून्याकडे जाऊ द्या, १ छेद २√क्ष. भाचा म्हणाला, "मावशी, अंशाचं परिमेयीकरण चालतं?" चालतं. का करतो ते कळलं की कुठंही चालतं.

याच जोडीला एक लिमिटचं गणित मी घातलं: क्ष³ − ८ भागिले क्ष − २, क्ष जेव्हा दोनाकडे जातो. किंमत ठेवली तर शून्य छेद शून्य. अ³ − ब³ चे अवयव आठवले तर (क्ष − २) जातो, उरतं क्ष² + २क्ष + ४, उत्तर १२. त्या धड्यासाठीच ताईकडे आठवीचं पुस्तक मागितलंय. बैजिक राशींचे अवयव. त्या एका धड्यातली सगळी उदाहरणं त्यानं हातानं करावीत असं मला वाटतं, बाकीचं पुस्तक नाही उघडलं तरी चालेल.

साइन क्षसाठी मात्र दोन संध्याकाळी गेल्या.

दहावीपर्यंत त्रिकोणमिती अंशांत असते. अकरावीच्या पहिल्या भागाचा पहिलाच धडा कोन आणि त्याचं मापन, तिथं रेडियन येतो. मुलं पाय (π) म्हणजे १८० एवढं पाठ करतात आणि पुढे जातात. का बदललं एकक? मी परात आणली. छत्तीस सेंटिमीटर व्यासाची, कणकेची. दोरा घेऊन अठरा सेंटिमीटरचे, म्हणजे त्रिज्येएवढे तुकडे कापायला लावले आणि काठावर एकापुढे एक ठेवायला लावले. सहा तुकडे बसले आणि थोडी जागा उरली. पट्टीनं मोजली तर पाच सेंटिमीटरच्या जरा वर. अठराला ०.२८३ नं गुणलं तर ५.१ येतं. म्हणजे पूर्ण काठ त्रिज्येच्या ६.२८३ पट, दोन पाय (२π). एका तुकड्यासमोर मध्याशी जो कोन होतो तो एक रेडियन, साधारण ५७.३ अंश. हे माप कुणी ठरवून दिलेलं नाही, ते वर्तुळाच्या आतूनच येतं. पूर्ण फेरीचे ३६० भाग माणसानं केले.

मग मोबाइलचा कॅल्क्युलेटर रेडियनवर ठेवून ०.१ चा साइन काढला: ०.०९९८३. ०.०१ चा: ०.००९९९९८. कोन लहान होत जातो तसा साइन आणि कोन एकच होतात. आता अंशांवर ठेवून एका अंशाचा साइन: ०.०१७४५. हा आकडा म्हणजे पाय भागिले १८०, आणि अंशांत काम केलं तर तो प्रत्येक विकलनात शेपटीसारखा मागे येतो. रेडियनमध्ये ती शेपटी गळते, साइनचं विकलन साधं कोसाइन होतं.

दुसऱ्या संध्याकाळी माझ्या कामातलं काढलं. साइन बार, म्हणजे नेमका कोन लावायचं आमचं साधन, घरी आणता येत नाही, म्हणून चित्र काढलं. पक्क्या पोलादाची पट्टी, दोन टोकांना अगदी सारखे रोलर, त्यांच्या मध्यांतलं अंतर बरोबर २०० मिमी. पट्टी सरफेस प्लेटवर (अगदी सपाट पाटावर) ठेवायची आणि एका रोलरखाली स्लिप गेज, म्हणजे नेमक्या जाडीचे ठोकळे, रचायचे. उंची भागिले दोनशे म्हणजे कोनाचा साइन. तीस अंश हवे असतील तर शंभर मिमी. पंचवीस हवे असतील तर? त्यानं साइनच्या टेबलमधून, म्हणजे कोष्टकातून, ०.४२२६२ काढला, दोनशेनं गुणला, ८४.५२४. आता ८७ नगांच्या सेटमधून रचून दाखव म्हटलं. शेवटच्या आकड्यापासून उचलायचं असतं: १.००४, मग १.०२, मग २.५, मग ८०. बेरीज केली, ८४.५२४. त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. दहावीची उंची आणि अंतराची गणितं त्यानं दीपगृह आणि होडीवर केली होती. कोकणात तो कधी गेलेला नाही.

आणि मग मला जे दाखवायचं होतं ते. आमच्याकडे नियम आहे, ४५ अंशांच्या वर साइन बार लावायचा नाही. का? टेबल उघड. दहा अंशावरून अकरावर जायला उंची किती वाढवावी लागते? साइन ०.१७३६ चा ०.१९०८ झाला, दोनशेनं गुणल्यावर फरक ३.४३ मिमी. आता ऐंशीवरून एक्क्याऐंशी. ०.९८४८ चा ०.९८७७, फरक फक्त ०.५८ मिमी. म्हणजे वरच्या कोनांना गेजमधली एवढीशी चूक, धुळीचा एक कण, कोनात सहापट मोठी होऊन बसते. भाचा टेबलवर बोट फिरवत खाली येत होता. "साइन वर जाऊन जाऊन थकतो," म्हणाला. मग म्हणाला, "आणि किती थकतो ते कोसाइन सांगतो का?" कारण कोसाइनचा रकाना त्याच्या शेजारीच होता आणि तो उतरत होता.

अजून त्यानं डेरिव्हेटिव्हचा धडा उघडलेला नाही.

त्याला मी सांगितलं की साइन हा शब्द मूळचा आपल्या 'ज्या'चा, म्हणजे धनुष्याच्या दोरीचा. ज्या, जीवा, अरबीत जीबा, तिथं लिहिताना-वाचताना जैब झालं, जैब म्हणजे वस्त्राची चुणी, छाती, आणि लॅटिनमध्ये त्याचं भाषांतर सायनस. आणि ११५० साली सिद्धांतशिरोमणी लिहिणाऱ्या भास्कराचार्यांना ग्रहांची तात्कालिक गती काढताना हेच दिसलं होतं, ज्येतला फरक कोटिज्येच्या प्रमाणात असतो. कोटिज्या म्हणजे कोसाइन. टेबलवर बोट फिरवताना दिसणारी गोष्ट आहे ही, फार जुनी.

शब्दांचं एक वेगळं ओझं असतं, ते मराठी माध्यमातल्या पोरांनाच कळतं. भाच्याला सहगुणक येतो, कोइफिशंट ऐकलं की तो थांबतो. त्या थांबण्यात फळ्यावरच्या दोन ओळी जातात. अवयव आणि फॅक्टर, छेद आणि डिनॉमिनेटर, करणी आणि सर्ड, अनुबद्ध आणि कॉन्ज्युगेट, फल आणि फंक्शन, सीमा आणि लिमिट. फ्रीजवर दोन रकान्यांचा कागद लावलाय, रोज एखादा शब्द वाढतो. 'अंश'पाशी तर तो हसला, कारण न्यूमरेटरही अंश आणि डिग्रीही अंश. ज्या मुलाला गणित येतं त्याला नुसत्या शब्दामुळे मागच्या बाकावर बसावं लागू नये, याचं मला फार वाटतं. मी बसलेय तिथं.

फंक्शनमध्ये फंक्शन घालणं आम्ही जॉबच्या भाषेत केलं. आधी ड्रिलनं भोक, मग टॅपनं त्यात आटे. उलट करून दाखव. होत नाही. साइन(क्ष²) आणि (साइन क्ष)² यांत तोच फरक, आधी काय झालं ते बघायचं. आतलं कोण, बाहेरचं कोण हे ओळखता आलं की पुढचा चेन रूल (अशा फंक्शनच्या विकलनाचा नियम) नुसता हिशोब राहतो. उलट फंक्शन म्हणजे खोलताना शेवटचा बोल्ट आधी.

घातांकांना एकच संध्याकाळ दिली. १ छेद √क्ष हे क्षचा उणे अर्धा घात म्हणून दिसलं पाहिजे, बघताक्षणी. ते दिसलं तर घाताचा नियम लावता येतो, नाहीतर नियम पाठ असून उपयोग नाही. पन्नास उदाहरणं दिली, चाळीसनंतर तो कंटाळला, मी सोडलं.

लॉग राहिलंय. आलेखही राहिलेत: सरळ रेषेचा चढ, पॅराबोला, एक छेद क्षचे दोन तुकडे, साइनची लाट. हे चार तरी पट्टी न घेता हातानं काढता यायला हवेत, कारण चढ म्हणजे काय हे डोळ्यांना आधी कळतं. पुढच्या आठवड्यात ते.

काल रात्री मी स्वयंपाक आवरून आले तर हा पाठकोऱ्या कागदावर एकटाच काहीतरी करत बसला होता. बाहेर वळवाचा पाऊस, दिवे एकदा जाऊन आलेले. अकरावीच्या पुस्तकातली लिमिटची सहा गणितं त्यानं आपणहून घेतली होती. चार बरोबर. उरलेली दोन त्यानंच तपासली होती आणि लाल पेनानं गोल केले होते. एक गोल चिन्हावर, दुसरा अवयवांवर.

"मावशी, लिमिट बरोबर आहे दोन्हीत," म्हणाला. "आईनं पुस्तक पाठवलं का?"

ताई, एसटीनं उद्या सकाळी देशील का? मी स्टँडवर जाऊन घेते.